मुक्काम फुफ्फुस

उंदराला नाकातून लस देताना सुई लागत नाही, रक्त येत नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना ते काम सोपं वाटतं. गुंगी दिलेला २०-२२ ग्रॅमचा उंदीर डाव्या तळहातावर उताणा घ्यायचा, मानेमागची कातडी दोन बोटांत धरून डोकं जरा वर ठेवायचं. पिपेटच्या टोकाला थेंब लोंबू द्यायचा आणि नाकपुडीच्या तोंडाशी नुसता टेकवायचा. उंदीर नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे पुढच्या श्वासाला थेंब आत ओढला जातो. मग थांबायचं. छातीची हालचाल पुन्हा संथ झाली की दुसरी नाकपुडी. घाई झाली तर नाकाशी बुडबुडा येतो आणि लस बाहेर तरी येते किंवा घशात तरी जाते. गिळलेल्या लसीचा हिशेब वेगळा असतो, आणि महिन्याभराने फुफ्फुस तपासताना तो थेंब कुठे गेला होता हे कुणालाच आठवत नाही. म्हणून बुडबुडा दिसला की त्याच क्षणी वहीत त्या उंदराच्या नंबरापुढे नोंद करायची, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

*

किती मायक्रोलिटर दिलं, हा या विषयातला सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किरणोत्सारी खूण केलेलं द्रव उंदरांच्या नाकात टाकलं आणि ते कुठवर पोचतं हे मोजलं. ५ मायक्रोलिटर दिलं तर ते जवळजवळ सगळं नाकातच राहिलं. गुंगीतल्या उंदराला ५० दिलं तर निम्म्याच्या आसपास फुफ्फुसात उतरलं. जाग्या उंदरात फुफ्फुसापर्यंत फारच थोडं गेलं.

याचा अर्थ मुलांना समजावताना मी फळ्यावर दोनच आकडे लिहिते, ५ आणि ५०. पहिला आकडा म्हणजे नाकाची लस, दुसरा म्हणजे फुफ्फुसाची लस. दोन्ही प्रकारच्या शोधनिबंधांत शब्द मात्र तोच असतो, ‘नाकातून’. खुर्चीवर ताठ बसलेल्या माणसाच्या नाकात चार-चार थेंब सोडले तर ते फुफ्फुसात पोचत नाहीत. उंदरात मिळालेलं भरघोस यश माणसात का दिसत नाही, याचं निदान एक उत्तर पिपेटवरच्या आकड्यात असतं.

*

मे महिन्यात आमच्या शहरात पारा चाळिशीच्या पुढे जातो. प्राणिगृहात तो २२ ते २४ च्या मध्येच राहिला पाहिजे, आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार. उष्णतेचा ताण पडलेल्या उंदराचं रक्त आणि फुफ्फुस वेगळंच काही सांगतात. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटांत पिंजऱ्यांची देखभाल करणारे आमचे मामा रांगेतून एक फेरी मारून येतात. गेली कित्येक वर्षं ते इथे आहेत. पिंजरा हातात घेतला की आतल्या पाचांपैकी एकाचं वजन उतरलंय हे त्यांना काट्याआधी कळतं. “मॅडम, हा कोपऱ्यात बसतोय, केस उभे राहिलेत,” असं ते म्हणाले की मी तो उंदीर त्या दिवसाच्या प्रयोगातून बाजूला काढते आणि आधी तपासते. शोधनिबंधात ही नजर कुठल्याही रकान्यात येत नाही.

खाली अंथरायला मक्याच्या कणसातून दाणे काढल्यावर उरणाऱ्या भागाचा भरडा असतो. आपल्या जिल्ह्यात सिल्लोड, कन्नडकडे मक्याचे ढीग लागतात, तेव्हा मला त्या भरड्याचा वास आठवतो. भरड्यात धूळ जास्त असेल तर उंदरांच्या फुफ्फुसात आपोआप सूज येते आणि लसीचा परिणाम कोणता, धुळीचा कोणता, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून लस न दिलेल्या उंदरांचा गट त्याच खोलीत, त्याच भरड्यावर ठेवायचा.

*

फुफ्फुस धुणे. हे शब्द ऐकून लोक दचकतात. उंदराला वेदनारहित मरण दिल्यानंतर गळ्याशी छोटा छेद घ्यायचा, श्वासनलिका मोकळी करायची. ती ओल्या शेवयीएवढी. तिला बारीक आडवी चीर द्यायची, बोथट नळी आत सरकवायची आणि दोऱ्याने बांधायची. सिरिंजमधून साधारण पाऊण मिलिलिटर थंड खारं पाणी हळूच आत सोडायचं. फुफ्फुसं छातीत फुलताना दिसतात. मग तितक्याच हळू ओढून घ्यायचं. परत येणाऱ्या पाण्यावर फेस असतो. तो फेस आला म्हणजे आपण खरोखर वायुकोशांपर्यंत पोचलो, कारण फुफ्फुसाला मिटू न देणारं ते साबणासारखं द्रव्य तिथेच असतं. निरोगी उंदराच्या या पाण्यात बहुतेक पेशी भक्षकपेशी असतात, मोठ्या, गोल, धूळ गिळून बसलेल्या. लस दिलेल्याच्या पाण्यात त्यांच्याबरोबर टी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, दिसू लागतात. त्याच पाण्यात एलायझा चाचणीने आयजीए आणि आयजीजी ही प्रतिपिंडं मोजायची.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. नाकात आणि वरच्या श्वसनमार्गात कामाला येतं ते मुख्यतः आयजीए, जोडीने बांधलेलं, पेशींच्या थरातून पलीकडे श्लेष्मात नेऊन सोडलेलं. खोल वायुकोशांत मात्र रक्तातून झिरपलेलं आयजीजी मोठा भार उचलतं. दंडावर दिलेली लस न्यूमोनियापासून वाचवते पण सर्दी आणि संसर्ग पसरणं थांबवत नाही, याचं बरंचसं कारण हेच आहे.

*

फुफ्फुस हा रक्ताने भिजलेला अवयव. शरीरातलं सगळं रक्त त्यातून जातं. म्हणून फुफ्फुसाचे तुकडे करून, विकरात भिजवून, बारीक जाळीतून गाळून ज्या पेशी हाती येतात त्यांतल्या खरोखर फुफ्फुसात राहणाऱ्या किती आणि फक्त वाटेवरच्या किती, हे कळणं महत्त्वाचं. पूर्वी हृदयातून खारं पाणी सोडून फुफ्फुस पांढरंशुभ्र होईपर्यंत धुवायचे आणि आता रक्त उरलं नाही असं धरून चालायचे.

२०१२ च्या सुमाराला या समजुतीला धक्का बसला. युक्ती अशी: उंदराला मारण्याच्या तीनेक मिनिटं आधी शेपटीच्या शिरेतून रंगीत खूण लावलेलं प्रतिपिंड द्यायचं. तेवढ्या वेळात ते रक्तवाहिन्यांतल्या पेशींनाच गाठतं, ऊतीत शिरत नाही. मतदानाच्या शाईसारखं. रक्तात असलेल्या प्रत्येक पांढऱ्या पेशीच्या बोटाला शाई लागते, ऊतीत मुक्कामाला असलेल्यांची बोटं कोरी राहतात. मग फ्लो सायटोमीटरवर शाईवाल्या आणि कोऱ्या पेशी वेगळ्या मोजायच्या. पाहतात तर काय, धुतलेल्या फुफ्फुसातूनही काढलेल्या टी पेशींपैकी फार मोठा वाटा शाईवाल्यांचा. वर्षानुवर्षं फुफ्फुसाच्या म्हणून मोजलेल्या पेशी प्रत्यक्षात केशवाहिन्यांत अडकलेल्या निघाल्या.

आमच्याकडे एखादी विद्यार्थिनी पहिल्यांदा हा प्रयोग करते तेव्हा मी मुद्दाम तिच्या शेजारी बसते. पडद्यावर ठिपक्यांचे दोन ढग उमटतात. त्यातला कोरा ढग स्नायूत लस दिलेल्या उंदरात अगदी विरळ असतो आणि नाकातून दिलेल्यात दाट. दोन्ही उंदरांच्या रक्ताचा नमुना पाहिला तर प्रतिपिंडं जवळपास सारखी असू शकतात. एकाच रोगावरची लस, रक्ताचा अहवालही सारखा, आणि फुफ्फुसात मात्र एकाकडे वस्ती आहे, दुसऱ्याकडे नाही. मला या सगळ्या विषयात हे चित्र सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रतिकारशक्ती नुसती किती आहे हे विचारून भागत नाही, ती कुठे राहते हेही विचारावं लागतं.

*

कोऱ्या ढगातल्या पेशींवर दोन खुणा शोधतात. सीडी६९ मुळे पेशीला ऊती सोडून परत लसिकेत जाण्याचा संदेश ऐकू येत नाही. सीडी१०३ मुळे ती श्वसनमार्गाच्या अस्तराला धरून राहते. एकीने परतीची वाट बंद होते, दुसरीने घर पक्कं होतं. अशा पेशीला विषाणू भेटला तर ती काही तासांत कामाला लागते. लसिकाग्रंथीतून कुमक यायला दिवस लागतात.

*

१९९४ चा ऑगस्ट-सप्टेंबर. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं मामला गाव आणि गाठीचा प्लेग, पाठोपाठ सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग. मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या लोकांना उंदीर म्हटलं की अजून ते दिवस आठवतात. प्लेगवरची पहिली लस आपल्या मुंबईत तयार झाली. ती तयार करणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मारलेल्या जंतूंची ही लस गाठीच्या प्लेगवर उपयोगी पडली. पण मारलेल्या जंतूंच्या प्लेगलसी फुफ्फुसाच्या प्लेगपुढे तोकड्या पडतात, हे पुढे शंभर वर्षांनी उंदरांना हवेतून जंतू देऊन केलेल्या प्रयोगांत दिसलं. कातडीतून येणारा जंतू आणि श्वासातून येणारा जंतू यांच्या वाटा वेगळ्या. आपल्या भागाने हे दोन्ही प्लेग एकाच महिन्यात बातम्यांत वाचले होते.

*

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. वर्षभराच्या आत, जुलै २०१० मध्ये, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नॅसोव्हॅक’ बाजारात आणली. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस, तिचा मूळ वाण लेनिनग्राडचा, सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत घडवलेला. हा वाण थंडीत वाढवत वाढवत तयार केला आहे. २५ अंशांना तो जोमाने वाढतो आणि शरीराच्या आतल्या उबेत मंदावतो. नाक बाहेरच्या हवेने गार राहतं, फुफ्फुस ३७ अंशांवर असतं. त्यामुळे विषाणू नाकात वाढून प्रतिकारशक्ती जागी करतो आणि फुफ्फुसात गेलाच तरी तिथे त्याला जोर धरता येत नाही.

हा वाण घडवणाऱ्या शास्त्रज्ञांनी तापमानाचा एवढा बारीक उपयोग करून घेतला याबद्दल मला नेहमी आदर वाटतो. पण फुफ्फुसात वस्ती हवी असेल तर ही लस तिथे फारसं काही करणार नाही, हेही त्याच गुणातून येतं.

*

कोरोनाच्या मूळ विषाणूला साध्या उंदराच्या पेशींवर चिकटायला जागा सापडत नाही. म्हणून २०२० साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डायमंड आणि क्युरिएल यांच्या गटांनी उंदरांमध्ये माणसाचं एसीई२ ग्राहक बसवलं आणि चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरसवर बेतलेली लस तपासली. स्नायूत दिली तेव्हा फुफ्फुसाचा आजार टळला, पण विषाणूच्या खुणा शिल्लक राहिल्या. तीच लस, एकच डोस, नाकातून दिली तेव्हा वरचा आणि खालचा दोन्ही श्वसनमार्ग जवळपास स्वच्छ राहिले. आयजीए मिळालं, फुफ्फुसात सीडी१०३ असलेल्या टी पेशी मिळाल्या. हैदराबादच्या भारत बायोटेकने हे तंत्र घेतलं. ६ सप्टेंबर २०२२ ला मंजुरी, २६ जानेवारी २०२३ ला ‘इन्कोव्हॅक’ बाजारात. त्या मंजुरीच्या दोन दिवस आधी, ४ सप्टेंबरला, चीनने कॅनसिनोची तोंडाने ओढून घ्यायची लस मंजूर केली होती. ती वाफेसारखी बारीक करून एका दमात आत घ्यायची, म्हणजे फुफ्फुसापर्यंत जाणारी. आपले थेंब नाकापुरते. दोन शेजारी देश, एकाच आठवड्यातल्या दोन लसी, आणि उतरण्याची ठिकाणं वेगळी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कोरोना-लसीचा अहवाल आला. त्यांची नेहमीची लस साध्या फवाऱ्याने नाकात दिल्यावर हॅमस्टर आणि माकडांत छान निकाल मिळाले होते, पण माणसांत नाकातली प्रतिपिंडं मोजक्याच जणांत वाढली आणि रक्तातली दंडावरच्या लसीपेक्षा कमी. नकारार्थी निकाल तत्परतेने छापला, हे त्यांनी फार चांगलं केलं. असे अहवाल नसते तर आम्ही सगळे उंदरांच्या यशावरच विसंबून राहिलो असतो.

*

प्रयोगशाळेतला उंदीर जन्मापासून निर्जंतुक हवेत वाढतो. मिनेसोटातल्या एका गटाने २०१६ मध्ये दाखवलं की अशा उंदराची प्रतिकारयंत्रणा माणसाच्या नवजात बाळासारखी असते. त्याला दुकानातल्या पाळीव उंदरांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवलं की त्यांच्याकडून आलेल्या संसर्गातून वाचलेल्यांची यंत्रणा प्रौढ माणसासारखी होते.

वाळूजच्या कंपन्यांच्या फाटकाबाहेर संध्याकाळी सुटणारी गर्दी पाहिली, की हे मनात येतं. त्या छातींनी धूळ, धूर, दर पावसाळ्यातली सर्दी, काहींनी क्षयाचे जंतू, सगळं पाहिलेलं आहे. नाकातून दिलेली जिवंत लस त्यांच्या आयजीएला आधीच ओळखीची असेल, तर ती रुजण्याआधीच अडवली जाईल. कोऱ्या पाटीच्या उंदरावर केलेली मोजणी या छातींना जशीच्या तशी लावता येणार नाही.

*

गोवराची लस श्वासातून द्यायचा मोठा प्रयोग पुण्याच्या केईएम हॉस्पिटल संशोधन केंद्राच्या सहभागाने झाला. ९ ते १२ महिन्यांची, २००० हून थोडी अधिक बाळं. निकाल २०१५ मध्ये छापून आला: सुईने दिलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के बाळांत प्रतिपिंडं, वाफेने दिलेल्यांत सुमारे ८५. म्हणून वाफेची पद्धत बरोबरीची ठरली नाही. त्या अहवालातली एक ओळ मी मुलांना वाचून दाखवते. ३३१ बाळांचे रक्तनमुने गोठवलेले होते ते वितळले आणि निकालातून गेले. एवढ्या आयांनी बाळं मांडीवर धरून दिलेलं रक्त. आमच्या उणे ८० च्या फ्रीजरचा अलार्म रात्री कुणाच्या फोनवर वाजतो, हे दर महिन्याला तपासायचं ते यासाठी.

*

नाकातून लस म्हणजे निर्धोक, असं समजू नये. २०००-०१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये फ्लूची एक नाकातली लस निघाली. तिला जोर यावा म्हणून ई. कोलाय जंतूचं विष मिसळलं होतं. ती घेतलेल्यांत चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि लस बंद झाली. नाकाच्या छतातून वासाच्या नसा थेट मेंदूकडे जातात. उंदराच्या नाकाचं जवळजवळ निम्मं अस्तर वास घेणारं आहे, माणसात त्याचा वाटा फारच लहान. म्हणून नाकातली लस तपासताना आम्ही फुफ्फुसाबरोबर मेंदूचा पुढचा, वासाचा भागही काढून ठेवतो. मागितलेला नसला तरी.

*

गावाकडे नाकातून लस देणं नवीन नाही. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब देतात. थेंब आत जाईपर्यंत पिलू सोडायचं नाही, हे बाईमाणसांना पाठ असतं. थंड पेटीतून कुपी काढायची, विरघळवायची आणि तासा-दोन तासांत संपवायची. आमच्या प्रयोगशाळेतली शिस्त यापेक्षा वेगळी नाही.

*

फ्लू होऊन गेलेल्या उंदराच्या फुफ्फुसातली ती कोरी वस्ती सहा-सात महिन्यांत जवळजवळ ओस पडते. कातडीत अशाच पेशी दीर्घकाळ टिकतात, फुफ्फुसात टिकत नाहीत. त्यामुळे दोन आठवड्यांनी मोजलेला झगमगीत आकडा घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मी एकच विचारते, सहा महिन्यांनंतरचे उंदीर राखून ठेवलेत का? त्यासाठी प्राण्यांच्या नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच तो गट मागावा लागतो, कारण १९९८ च्या नियमांप्रमाणे मंजूर संख्येबाहेर एकही प्राणी घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

माणसात मात्र चित्र आशादायक आहे. न्यूयॉर्कमध्ये फुफ्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत दात्याच्या टी पेशी वर्षाहून जास्त काळ नव्या शरीरातल्या फुफ्फुसात राहिलेल्या सापडल्या. दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या खुणा वेगळ्या असल्यामुळे कोण कुणाचं हे ओळखता आलं. उंदराच्या फुफ्फुसापेक्षा आपलं फुफ्फुस या पेशींना जास्त काळ ठेवून घेत असावं. की उंदराचं आयुष्यच दोन वर्षांचं, म्हणून त्याचे सहा महिने आपल्या कैक वर्षांएवढे धरायचे? या प्रश्नावर आमच्या चर्चा तासन्‌तास चालतात.

*

फुफ्फुसातली ही वस्ती किती टिकते हे मोजायला उंदरांच्या पलीकडे जावं लागेल, आणि तशी सोय आपल्या शहरात होऊ शकते असं मला मनापासून वाटतं. घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय, विद्यापीठाचे जीवशास्त्राचे विभाग, औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं, सगळं एका शहरात आहे. ब्राँकोस्कोपी होत असलेल्या रुग्णाचं फुफ्फुस उपचारासाठी धुतलंच जातं. संमती घेऊन त्यातलं थोडं पाणी ठेवता येईल. नाकातून लस घेतलेल्यांच्या नाकातला नमुना त्यांना न दुखवता, मऊ शोषक पट्टी मिनिटभर आत ठेवून घेता येतो. रक्त, नाक आणि फुफ्फुसाचं पाणी, तिन्ही एकाच माणसाचं, लसीआधी आणि सहा महिन्यांनी. सोबत तो कुठे काम करतो, चुलीवर स्वयंपाक होतो का, पूर्वी क्षय झाला होता का, एवढं विचारलेलं. तीस माणसांचा असा संच असला तरी पिंजऱ्यातल्या ढगांशी तो ताडून पाहता येईल. अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात फुफ्फुसाचं पाणी चार अंशांवर किती तास ठेवता येतं, हा रकाना भरायचा राहिला आहे, आणि त्यासाठी पुढच्या आठवड्यात उंदरांच्या पाण्यावरच दोन, चार, आठ आणि चोवीस तासांची चाचणी लावली आहे.